घरातल्या घरात निरोप

एकोणीसशे ब्याऐंशी साल. तेव्हा शाळेची परीक्षा संपली की पोरी केस कापायला धावायच्या, बायकांच्या त्या लहानशा दुकानात बसायला जागा उरायची नाही. अशा गर्दीत दुकान चालवणाऱ्या कात्रीमावशीनं एका तेरा वर्षांच्या मुलीचे केस उचलले आणि तिचा हात जागीच थांबला. कानामागे तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. मागच्या खेपेला ती बटणाएवढी होती.

तेव्हा मावशीच म्हणाली होती, "चाई पडलीय, मलम लावा." आईनं इमानेइतबारे मलम चोळलं होतं. आज मावशीनं उजेडात नीट पाहिलं. चाईची कातडी गुळगुळीत असते. इथे तुटके, आखूड खुंट होते. पोर स्वतःच केस उपटत होती.

"मावशी, आईला सांगू नका ना," मुलगी पुटपुटली.

मागच्या बाकावरून आई म्हणाली, "बबे, बाबांना कचेरीत फोन कर. म्हणावं, किल्ली शेजारी ठेवलीय."

"केस कापून होऊ देत की."

"आत्ता कर. नाहीतर म्हणतील, मला कुणी काही सांगत नाही."

गळ्याभोवतीच्या कापडासकट बबी उठली. दुकानाचा फोन आरशाशेजारीच होता.

"आई, बाबा विचारतायत, शेजारी म्हणजे कुणाकडे?"

"म्हणावं, इतकी वर्षं राहताय, शेजारी कोण ते माहीत नाही?"

"बाबा, आई म्हणतेय, समोरच्या काकूंकडे," बबी फोनमध्ये म्हणाली. तिचा दुसरा हात कानामागे गेला, बोटाभोवती केस गुंडाळले गेले, आणि हिसका बसला.

ती खुर्चीवर परतल्यावर मावशीनं हळूच विचारलं, "घरातही असंच?"

"आजी गेल्यापासून दोघं बोलतच नाहीत. मीच इकडचं तिकडे सांगते."

"मग पगार काय देतात तुला?"

बबी फिस्सकन हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "शब्द चुकला की भांडण होतं."

"आईला दाखवूया का? तू हो म्हणालीस तरच."

"ओरडेल."

"ओरडू दे. मी आहे ना इथे."

बबीनं मानेनंच हो म्हटलं.

मावशीनं खुंट दाखवून कारण सांगितलं तसं आईनं वाकून पाहिलं. आधी तिचा चेहरा उतरला, मग आवाज चढला. "स्वतःच्या हातानं? लाज कशी वाटली नाही गं? मावशी, मशीन फिरवा. सगळंच काढा, म्हणजे उपटायला काही उरायचं नाही!"

बबीनं कापड हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

मावशीनं मशीन खणात टाकलं. "ताई, चाई म्हटलं ती माझी चूक. पण हिचं टक्कल मी करणार नाही. मोठ्या दवाखान्यात मुलांच्या मनाचे डॉक्टर बसतात, तिकडे न्या हिला. आणि तुमचे निरोप तुम्ही द्या."

"आमच्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक?"

"काहीच नाही. पण फोनवर बोलताना हिचा हात कुठे जातो, ते आरशात दिसतं."

बाकीच्या बायकांनी मासिकांत डोकी खुपसली. आई खुर्चीजवळ आली. मग तिनं एक बोट त्या उघड्या जागेवर टेकवलं.

"दुखतं का गं?"

"उपटताना नाही. नंतर."

आईनं स्वतः फोन फिरवला. "मी बोलतेय... हो, मीच. आज लवकर या. बबीबद्दल बोलायचंय." परक्या माणसाशी बोलावं तशी ती अडखळत होती.

पुढे संसार काही टिकला नाही. पण वेगळं होतोय हे दोघांनी शेजारी बसून बबीला सांगितलं. डॉक्टरांकडे ती बरेच दिवस जात होती. केस यायचे, पुन्हा जायचे, अखेर राहिले. ती विमा कचेरीत लागली, तिथेच साहेबीण झाली. मनगटं कुरकुरू लागली तशी कात्रीमावशीनं दुकान भाच्याच्या बायकोला दिलं. मावशीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

वडील शेवटचे दवाखान्यात होते तेव्हा आई त्यांना भेटायला गेली. दार लोटून दोघं बराच वेळ बोलत होती. बाहेरच्या बाकावर बबी बसल्या बसल्या झोपून गेली होती. तिला कुणी हाक मारली नाही.