धुलाईघरातलं तेज

दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजला की आमच्या धुलाईघरातले साठ जण डबा सोडून आधी अंगणात रांग लावायचे. इस्पितळाच्या चादरी धुणारे, पिळणारे, इस्त्री करणारे, सगळेच. रांगेच्या टोकाला, घड्या घालायच्या टेबलावर शांतबाबा बसलेला असे. कपाळाला बोट, जिभेवर चिमूटभर पांढरं चूर्ण आणि कानात एकच शब्द, "शांत."

मी बॉयलरवाला. वाफेवर उडालेली चादर तीन कोसांवर सापडली, हे मी शपथेवर लोकांच्या गळी उतरवलंय. थापाड्याला थापाड्या वासावरून कळतो. पण या बाबाचा गुण डोळ्यांना दिसत होता. पिळणीवाल्याचे गुडघे तीन दिवसांत पळू लागले. वाळणीवालीची खाज गेली. सगळ्यांच्या भुका वाढल्या, गाल गोल, तुकतुकीत झाले. "तेज चढलं," लोक म्हणायचे. मला मात्र अख्ख्या रांगेला एकच चेहरा फुटलेला बघून अंगावर काटा यायचा.

"यात काय आहे हो?" मी विचारलं.

"विश्वास," बाबा म्हणाला. "मी पेशींशी बोलतो, आजोबा. त्यांना म्हणतो, बायांनो, भांडू नका, खाली बसा."

"आमच्या हिच्याशीही बोलून बघा."

रांग हसली. माझी धाकटी सून तेवढी हसली नाही. तिची पाठदुखी याच चूर्णाने थांबली होती.

ती छाननीवर. धुण्याआधी प्रत्येक चादर झटकायची, कारण घडीत विसरलेल्या सुया निघतात. म्हणूनच इस्पितळाने सगळ्यांना रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस टोचली होती, तीनदा. दंड कुणाचा दुखला नाही. तीही बाबाचीच कृपा.

एका मंगळवारी सकाळी सुनेच्या बोटात सुई गेली. रक्त आलं मोहरीएवढं. चादर ज्याची होती, त्याला तीच कावीळ होती.

"लस झालीय की, मामंजी," ती म्हणाली. "वर बाबांचं चूर्ण. मला काय होतंय?"

मी तिला जवळजवळ ओढतच प्रयोगशाळेतल्या बाईंकडे नेलं. बाईंनी रक्त तपासलं.

"लस उमटलेलीच नाही, रक्तात तिची खूणच नाही," त्या म्हणाल्या. मग सुनेच्या गालाला बोट लावून विचारलं, "हे कधीपासून?"

"तेज आहे ते."

"घेतेस काय तू?"

सुनेने खिशातली पुडी काढून दिली. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला काविळीविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं टोचली, लस पुन्हा सुरू केली. लागण झाली की नाही, ते सहा महिन्यांनी कळणार होतं.

मग सगळ्यांचंच रक्त तपासलं. बहुतेकांची लस कच्ची. भरघोस उमटली होती ती इस्त्रीवाल्या मावशीची.

"कडू जहर ते," मावशी म्हणाली. "बाबाला वाईट नको वाटायला म्हणून तोंडात घ्यायची आणि नळाखाली थुंकायची."

"एका मावशीवरून काही सिद्ध होत नाही," बाई म्हणाल्या. म्हणून त्यांनी चूर्ण तपासायला पाठवलं. उत्तर आलं, स्टेरॉइडच्या गोळ्या, कुटलेल्या.

बाई अंगणात आल्या आणि त्याच टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"रक्तात शिपाई असतात," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना 'पुरे आता' म्हणणाऱ्या आवरत्या पेशीही असतात. त्या नसत्या तर शिपाई स्वतःचंच घर जाळतील. पण त्यांचंच पारडं जड झालं की चोर घरात पाय पसरून बसतो. लस म्हणजे शिपायांना दाखवलेला चोराचा फोटो. या चूर्णाने शिपायांना झोपवलं. फोटो बघणार कोण?"

"पण गुडघे बरे झाले ना," पिळणीवाला पुटपुटला.

"दुखणं झाकलं गेलं. गाल फुगले तेही याच गोळ्यांनी, तेज नव्हे ते. ताप येईनासा झाला म्हणजे रोग गेला, असं नाही. तो आता आवाज न करता येईल. आणि एकदम बंद करू नका, तेही घातक. डॉक्टर हळूहळू उतरवतील."

बाबा हसला. "शरीरात युद्ध हवंच कशाला, ताई?"

तेव्हा मला इतके दिवस सलणारी गोष्ट सापडली. अख्ख्या अंगणात एकच चेहरा हडकुळा होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला कसं नाही चढलं हो तेज?"

कुणी हसलं नाही. सगळे गोल चेहरे एकदमच त्याच्याकडे वळले.

त्याला चौकीवर नेलं त्याला आता चार महिने झाले. सून रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघते, मी तिच्या मागून बघतो, आणि आम्ही दोघं चहा पितो. अजून दोन महिने.

माझ्या थापा खुशाल ऐका, हसा. पण जिभेवर कुणी काही ठेवू लागलं, तर आधी विचारा, यात काय आहे. उत्तर 'विश्वास' असं आलं, तर मावशीसारखं करा. नळ जवळच असतो.