सिलिंडरवरचा फुंकलेला दोरा

जिल्हा कचेरीतले साहेब, आरोप सरळ तुमच्यावर आहे. वसंताच्या सणात भर मंचावर तुम्ही दोरे फुंकून रोग बरे करणाऱ्या मामासाली तबीबाच्या खांद्यांवर मानाचा झगा चढवलात आणि 'हा लोकांना बरं करतो' असा सहीशिक्क्याचा कागद त्याच्या हातात दिलात. तो कागद छातीशी धरून तो सापारबेकच्या गॅरेजपर्यंत पोचला. पुढे काय झालं ते आता ऐकून घ्या.

भर दुपारी अर्धं कारा-सुगात गाव सापारबेकच्या अंगणात लोटलं होतं. पोरं तर जर्दाळूच्या झाडावर चढून बसली होती.

सापारबेक घरीच वेल्डिंग करायचा. लोखंडी फाटकं, शेगड्या, कबरींची कुंपणं. महिनाभर त्याचा वेल्डिंगचा टाका धड बसत नव्हता. लोखंडावर देवीचे व्रण उठावेत तशी भोकं पडत. तापलेल्या टाक्याला हवा लागू नये म्हणून सोडायचा, पंधरा दिवस पुरणारा गॅस चार दिवसांत संपायचा. दोनच दिवसांपूर्वी तर तो गॅरेजमधल्या खड्ड्यात, गाडीच्या पोटाखाली काम करायला उतरला आणि तिथेच कोसळला. शेजाऱ्यांनी वरूनच दोराचा फास अडकवून ओढून काढला, म्हणून जगला. तेव्हापासून तबीबाच्या हुकमानं गॅरेज बंद होतं. कशालाही हात लावायचा नाही, नाहीतर 'तो' पळेल!

"तो म्हणजे कोण?" तबीबानं दार उघडून आरोळी दिली. "मेलेल्याला न विचारता याने कबरीचं कुंपण जोडलं. तो मागोमाग आला! खड्ड्यात बसलाय! लोखंड कुरतडतो, गॅस पितो! ऐका, त्याचा श्वास ऐका!"

आतून खरंच बारीक 'स्स्स' येत होतं. माणसं दोन पावलं मागे सरली.

सापारबेकची बायको बुरूल मात्र जागची हलली नाही. तिला वाटलं, मेलेला माणूस चहा सोडून गॅस कधीपासून प्यायला लागला?

तबीबानं मेणबत्ती पेटवली, तारेला बांधली आणि खड्ड्यात सोडली. निम्म्यावर जाताच ज्योत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

"फुंकली त्यानं!" तबीब गरजला. "आता घरच्या सुनेनं खाली उतरायचं. माझं पठण संपेपर्यंत जमिनीवर पडून माफी मागायची."

"उतर गं पोरी," सासू रडत म्हणाली. "माझा मुलगा हातचा जाईल."

बुरूल पुढे झाली. "उतरते, आई. पण तबीब, वात जिथं जगत नाही तिथं मी कशी जगणार?"

"वातीला श्रद्धा नसते!"

"मग तुम्हीच उतरा. माझ्यापेक्षा तुमची श्रद्धा मोठी. वर साहेबांचा कागदही आहे."

"माझे गुडघे दुखतात."

"आँ?" शेजारचा टोक्तोसून भिंतीवरून ओरडला. "माझ्या म्हातारीचे गुडघे एका फुंकरीत बरे केलेत म्हणे! स्वतःला एक फुंकर मारा की!"

अंगण हसलं. बुरूल हसली नाही. तिनं गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली, घरातून वाडगाभर साबणाचा फेस आणि भांडी घासायचा ब्रश आणला.

"अगं, हात नको लावूस!" सापारबेक ओरडला.

"चुलीचा सिलिंडर बदलला की मी असाच फेस लावते. तेव्हा जेवतोस ना गुपचूप?"

वेल्डिंगच्या सिलिंडरच्या नळीवर फेस शांत राहिला. रेग्युलेटरच्या नटावर मात्र बेडकाच्या गळ्यासारखे बुडबुडे फुगू लागले. तिनं सिलिंडरची चावी बंद केली. बुडबुडे थांबले. 'स्स्स'ही थांबलं. मेलेल्यानं श्वास सोडणं बंद केलं.

सापारबेक पाना घेऊन आला. नट निघाला. चेपलेल्या वायसरखाली लाल दोऱ्याचं टोक अडकलं होतं.

"हा कुणाचा?" बुरूलनं विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून सासूनंच तबीबाकडून दोरा फुंकून तिथं बांधून घेतला होता. तो कापायची सापारबेकची छाती झाली नाही. दर वेळी सिलिंडर बदलताना तो दोऱ्यावरूनच नट आवळायचा. वेल्डिंगचा हा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड. फटीतून निसटायचा आणि बंद गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहायचा. तिथं ज्योत विझली, तिथंच सापारबेक कोसळला. टाक्यापर्यंत गॅस पुरेसा पोचायचा नाही, तापलेल्या लोखंडात हवा शिरायची, भोकं पडायची. सगळी करामत एवढीच.

दिवसभर दारं उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी वायसर नवा बसला, दोरा नव्हता. टाका गुळगुळीत उतरला.

पण त्या दुपारी सासूनं तो दोरा तबीबाच्या तोंडापुढे धरला होता. "माझ्या सुनेला कुठं पाठवत होतास रे तू?"

तबीब टोपी सावरत निघून गेला.

लोकहो, गॅस जोडलात की फेस लावा. काम संपलं की चावी बंद करा, दारं उघडी ठेवा. कुणी खड्ड्यात कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नका. आणि जो कुणी तुम्हाला खाली उतरा म्हणेल, आधी त्यालाच उतरायला सांगा.

आणि साहेब, तुमचा कागद अजून त्याच्याजवळ आहे. काल तो पलीकडच्या गावात दिसला. बुरूल त्या दिवशी मुकाट्यानं उतरली असती, तर तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून काय लिहिलं असतंत? भूत, की तुमची सही?

उत्तर द्या.