तात्यांचं महायुद्ध

त्र्याहत्तर साली मी सातवी पहिल्या नंबरानं पास झाले आणि माझा थोरला भाऊ धनाजी सातवीतच दुसऱ्यांदा नापास झाला. आमच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, नीट विचार करून निकाल दिला: धनाजीनं शाळा सोडायची नाही आणि मी सोडायची. हायस्कूल शेजारच्या गावात होतं, वाटेत ओढा होता आणि मला चौदावं लागलं होतं. ओढ्याला पाणी बहुतेक मुलींपुरतंच येत असावं.

हेडमास्तर चौकशीला घरी आले तेव्हा मात्र तात्यांची पंचाईत झाली. नुकतंच साखर कारखान्याच्या सभेत त्यांनी मुलींच्या शिक्षणावर भाषण ठोकलं होतं आणि टाळ्या वाजवायला हेडमास्तर पहिल्या रांगेत होते. तात्या गडबडले, पण हटले नाहीत.

"शाळंत काय शिकिवतासा तुमी? पोरीला आमी घरी शिकिवणार. जगाचा इतिहास!"

पेन्शनीत आलेल्या हवालदाराला, त्यातून घरचा ऊस असला तर, वेळच वेळ असतो. रोज दुपारी जेवणं झाली की तात्या सोप्यात तक्क्याला टेकायचे, मी समोर बसायची आणि सुट्टी असली की धनाजी भिंतीशी घोरायचा. जगाचा इतिहास तात्या पलटणीत भरती झाले त्या दिवशी सुरू होत होता आणि घरी परतले त्या दिवशी संपत होता. मधे एकच भांडण. हिटलरनं पोलंडचा बांध कोरला. पोलंडनं इंग्रजाकडं गाऱ्हाणं नेलं. इंग्रज म्हणजे गावचा पाटील. स्वतःच्या घरातली माणसं पुरेनात म्हणून त्यानं दुसऱ्यांची धाडली. म्हणून तात्या इटलीत. तिथं एक नदी, नदीपलीकडं टेकडी, टेकडीवर जर्मन. ती टेकडी तात्यांनी एकट्यानं घेतली. नागपंचमीला जर्मन चार होते, दिवाळीपर्यंत चाळीस झाले.

"तात्या, ह्यात अमेरिका कुठं हुती?" मी विचारायची.

"म्होरं येती."

अमेरिका काही आली नाही. पाटणकडचे पाहुणे आले, मला बघायला.

मला लग्न नको होतं. मला आठवीची पुस्तकं हवी होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आदी डोक्यावरचा पदर सावर."

पोहे देऊन मी पाटावर बसले. पाहुण्यांत मुलाचे चुलते आप्पासो पुढारी होते. मिशा पांढऱ्या, तेही पलटणीतून पेन्शनीत आलेले. नाव विचारून झालं, भाकरी येते का विचारून झालं. तात्यांना राहवेना.

"आवं, भाकरी काय इचारताय? जगाचा इतिहास इचारा! सोता शिकिवलाय."

"असं? मग सांग पोरी, लढाईत इटलीत काय झालं?"

मी सांगायला लागले. नदी सांगितली, टेकडी सांगितली. तेवढ्यात आप्पासोंचा घास हातातच थांबलेला मला दिसला. मी तात्यांकडं पाहिलं, तर ते डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगत होते. मग मी आवाज चढवला. एकही जर्मन कमी केला नाही. चाळीसच्या चाळीस लोळवले आणि शेवटी गोऱ्या साहेबाकडून तात्यांची पाठही थोपटून घेतली.

आप्पासोंनी बशी खाली ठेवली आणि तात्यांकडं रोखून पाहिलं. "लालासाहेब, आता वळखलं तुमास्नी. त्या टेकडीवर आमी हुतो. आमची निम्मी माणसं तितंच ऱ्हायली. तुमी तवा खाली लंगरात डाळ ढवळत हुतासा. ती बी करपलेली."

"करपली न्हवती!" तात्या ओरडले.

मग काय राहिलं? सोप्यात महायुद्ध नव्यानं पेटलं. आप्पासो म्हणाले, असल्या लबाडाच्या घरची पोरगी आम्हाला नको. तात्या म्हणाले, माझी पोरगी काय वाटेवर पडलीय? "आमची कामगिरी छापील पुस्तकात असंल! बघा जावा!"

"तुमीच बघा," म्हणून पाहुणे उठले.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला सायकलवर डबलसीट बसवून ओढा ओलांडला आणि हायस्कुलात नाव घातलं. गावात बोभाटा झाला होता, त्यांना पुस्तकातला पुरावा हवा होता आणि धनाजीच्या वाचण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आठवीत असताना ते रोज विचारायचे, "आमचा धडा आला का गं?" मी म्हणायची, "नववीला हाय." नववीत म्हणायची, "धाव्वीला हाय."

दहावीला तो धडा खरंच आला. इटलीवर एकच ओळ होती: मित्रराष्ट्रांच्या फौजा इटलीत उतरल्या. टेकडी नाही, नदी नाही. डाळ ढवळणारे तात्या नाहीत, आणि वर खरोखर लढलेले आप्पासोही नाहीत, की तिथंच राहिलेली त्यांची माणसं. तात्यांची फजिती होणार म्हणून मी हसायला बसले होते, पण मला रडूच आलं.

संध्याकाळी तात्या मळ्यातून आले, पाय न धुताच सोप्यात बसले.

"आला का धडा?"

"आलाय. पर ह्यात थोडक्यात दिलंय, तात्या. सगळं इस्तारानं सांगलीच्या कालिजात हाय."

तात्या पाय धुवायला उठले. मग आत आईला हाक मारून म्हणाले, "पोरीला सांगलीला ऱ्हायाची सोय बघाय पायजे. इस्तारानं हाय म्हंत्या ती."