आखाजीच्या लेकीचा झोका

मित्रांनो, मी एक जुना झोका, धुळ्याजवळच्या एका खेड्यातला. सध्या माझ्यावर कांद्याची पोती ठेवतात, त्यामुळे झोका म्हणवून घ्यायची लाजच वाटते. सुताराने मला बाभळीच्या फळीतून तासलं, टोकांना भोकं पाडली आणि दोराने अंगणातल्या कडुलिंबाला बांधलं. वर्षातून आठवडाभर माझा मान. तुमच्या पुस्तकातली अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. ती आली की सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. बाकीचं वर्ष मी माळ्यावर, उंदरांच्या संगतीत.

घरधनीण द्रौपदाबाई. त्यांची लता नेमकी आखाजीलाच जन्मली. सगळे म्हणाले, भाग्याची पोर. कसलं भाग्य! त्या दिवशी कौतुक आलेल्या आत्यांचं, आणि झोकाही आधी माहेरवाशिणींचा. लता दोर धरून उभी राहायची.

"माय, मन्हा वाढदिवस कवय करशी?"

"येडी, बठ्ठं गाव पुरनपोळी खाई राह्यनं, आखो काय जोयजे?" सगळ्या गावाच्या सणाहून आणखी काय हवं, म्हणून द्रौपदाबाई हसायच्या. "लगीन होवू दे. मंग तू माहेरले येशी, तवय झोका पहिले तुन्हा."

लग्नानंतर माहेरी आलं की पहिला झोका आपला, हे पोरीने खरं मानलं. मीही मानलं.

लग्न होऊन लता पाचोऱ्याकडे गेली. तिच्या सासरी माहेरचा माणूस, म्हणजे मुराळी, न्यायला आल्याशिवाय सून निघत नसे. वडील आधीच वारलेले. भाऊ दोन. पहिल्याच आखाजीला थोरला रुपचंद म्हणाला, "माले आज सालदार ठरावना शे, धाकला जाई." आमच्याकडे शेतावरच्या गड्याचं साल आखाजीलाच सुरू होतं, हे खरं. पण गडी काय घटकाभर थांबला नसता? धाकट्या शालिग्रामला वाटलं, मुराळी होण्याचा मान थोरल्याचा, तोच जाईल. कोणीच गेलं नाही. पुढच्या वर्षीही तेच, मग सवयच पडली.

द्रौपदाबाई मात्र दर आखाजीला मला बांधून घ्यायच्या. गल्लीतल्या पोरी आल्या की अडवायच्या. "थांबा वं, मन्ही लता येवानी शे." शेवटची एसटी गेली की मला हात लावून आत जायच्या. मला त्या भावांचा इतका राग यायचा, की दोर तुटून एखाद्याच्या पायावर पडावं असं वाटायचं.

एका हिवाळ्यात द्रौपदाबाई गेल्या. आखाजीला त्यांच्या नावाची पाण्याची घागर भरायची होती, आणि लेक नसली तर गाव नावं ठेवणार. मग काय, एकाला जमत नव्हतं त्या कामाला दोघं जीप करून निघाले! परतले तेव्हा जीपमध्ये लता नव्हती.

लता येणार म्हणून त्या दिवशीही मला लिंबाला बांधलं होतं. रुपचंद माझ्यावर येऊन बसला. बायकोने विचारलं, ताई काय म्हणाल्या?

"म्हने, माय व्हती तवय तुमले रस्ता सापडना नही. आते गावले दखाडाले उनात." गावाला दाखवायला आलात, हे तिने तोंडावर सांगितलं होतं. "आनि म्हने, आज मन्हा वाढदिवस शे, मी मन्हा घरच करसू." मग बायकोकडे बघत म्हणाला, "तिन्हा वाढदिवस आज शे का वं? माले माहीतच नव्हतं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. माझं काय, मी लाकूड. पण सणाच्या दिवशी जन्मलेलं कोणी तुमच्या घरात असेल, तर ताटं वाढण्याआधी त्याला नावाने हाक मारा. कोणाला आणायला जायचं असेल, तर स्वतः उठून जा. त्या दिवशी घागर भरली, पितरांच्या घासाची विस्तवावर आगारी टाकली, जेवणं झाली. तिच्या स्वतःच्या दिवशी लता माझ्यावर पहिली कधीच बसली नाही, आणि आता बसणारही नाही.