डोळे मिटलेल्यांना सूट

"इतकी वर्षं भूत होतास ना, मग आता माणूस हो की! त्यात तोंड वाकडं करायला काय झालं?" ताईने पातेलं ओट्यावर आदळलं.

"मी कुठे नाही म्हटलं?"

"हो तरी कधी म्हणालास? साहेबाला आज उत्तर हवंय. नवा टी-शर्ट घालायचा, पार्कच्या दारात उभं राहून लोकांच्या मनगटावरचे पट्टे तपासायचे. हात झिजतील का तुझे?"

तो बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी आधीच बांधलेली होती, तीच सोडून परत बांधली. राग आला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. दात काढताना सुई टोचली की गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्याचं डोक्यापासून पायापर्यंत झालं होतं.

"आणि टिकलीला घेऊन जा," ताई म्हणाली. "आज नवा बोगदा कामगारांच्या घरच्यांना फुकट आहे. डोकं खाल्लंय तिने माझं."

टिकली म्हणजे त्याची भाची. ती दारात चपला घालून कधीचीच तयार होती.

पार्कातला भूतबोगदा म्हणजे तसं काहीच नव्हतं. अंधार, रूळ आणि कुरकुरणारे डबे. चौथ्या वळणावर भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात हा, काळा झगा आणि ओला हातमोजा घालून. वळणावर डबा हळू व्हायचा. याने मानेवर दोन बोटं टेकवायची, बस्स. मिशांना पीळ देऊन बसलेले बाप पोरांच्या आधी बोंबलायचे. पण डोळे मिटलेल्याला हात लावायचा नाही, हा नियम. त्याच्या आधीच्या भुताने शिकवलेला. "तो आधीच घाबरलाय रे, त्याला आपण आणखी काय घाबरवणार?"

टिकलीला हे ठाऊक होतं. ती घट्ट डोळे मिटून यायची आणि बाहेर जाऊन ओरडायची, "मामा, सुटले!"

मग पार्कवाल्यांनी बोगदा बंद ठेवला आणि नवा करून उघडला. आत पडदे, कवट्यांचे दिवे, थंड वारा फेकणारी नळी. डबे तेवढे जुनेच, वरून जांभळा रंग. भूत नको.

दोघं डब्यात बसले. याने कमरेवरचा दांडा खाली ओढला. पहिल्या वळणावर पडद्यावरची बाई किंचाळली. टिकली म्हणाली, "हिला सर्दी झालीय." दुसऱ्या वळणावर धूर आला. याला काहीच वाटलं नाही. तिसऱ्यालाही नाही. बसस्टॉपवर बसल्यासारखा बसला होता.

चौथं वळण आलं. डबा हळू झाला.

रोज सकाळी पहिल्या रिकाम्या डब्यात बसून तो आत यायचा आणि इथेच उतरायचा. दांड्याचा खटका कुठे दाबायचा ते हाताला पाठ होतं, पायांना पुढचं. कळायच्या आत तो कोनाड्यात पाठ टेकून उभा होता, दोन बोटं पुढे करून. त्याच्या कानाशी नळी फुसफुसली आणि थंड वारा टिकलीच्या मानेवर गेला.

डबा पुढे सरकला. अंधारातून टिकली रडवेली ओरडली, "मामा! मी डोळे मिटले होते ना!"

भोंगा वाजला. सगळं थांबलं, पांढरे दिवे लागले. उजेडात बोगदा एवढासा दिसत होता. तारा, प्लायवूड, कोणीतरी विसरलेला झाडू.

साहेब धापा टाकत आला. "अक्कल आहे का? चालत्या डब्यातून उतरतोस? लेकरू एकटं पुढे गेलं ना!"

"सवयीने उतरलो."

"सवयीने! अरे, तुला दारावर ठेवायचं की नाही? तुझ्यासाठी वरती भांडलोय मी. आत्ताच्या आत्ता सांग."

याने खाली पाहिलं. बोटं अजून पुढेच होती. ती त्याने मुठीत घेतली.

टिकली रुळावरून नाक पुसत आली. "मामा, हे भूत चीटिंग करतं. सगळ्यांनाच फुंकतं."

"हो गं."

"तू सांग ना त्याला."

"त्याला नाही सांगता येत." मग तो साहेबाकडे वळला. "साहेब, टी-शर्ट नको. दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"आणि करणार काय तू?"

"माहीत नाही." त्याने टिकलीचा हात धरला. तिचा ओला होता, याचा कोरडा. "हिची आई वाट बघत असेल. निघायला हवं मला आता."