मुखपृष्ठावरचं नाव

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात, पाथर्डीपलीकडच्या एका गावात, विजयमालाबाईंनी पारावर बसून पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि पदरानं चष्मा पुसला. राहुरीहून दोन एसट्या आणि एक जीप करून त्या आल्या होत्या. हापशावरच्या बायका हंडे तसेच ठेवून भोवती जमल्या.

पुस्तक ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईनं लिहिलेलं. वर नाव नुसतं ‘धनश्री’. आडनाव नाही, गाव नाही. वाचनालयात तीस वर्षं काढलेल्या विजयमालाबाईंना चैन पडेना. ही बाई दिसते कशी, बोलते कशी, एवढं सोसून हसते तरी का? पुस्तकात वीज पडून दुभंगलेला एक वड होता. त्याच्या खुणेनं विचारत विचारत त्यांनी गाव गाठलं होतं.

“धनश्री नावाची कुणी लिहिणारी बाई आहे का इथं?”

“हाय की,” एकजण म्हणाली, “पन ती आजून अंगनवाडीत जाती.”

सगळ्या हसल्या. विजयमालाबाईही हसल्या. दर गुरुवारी त्या वाचनालयात निरक्षर बायकांना पुस्तक वाचून दाखवत. तीच सवय जिभेवर आली.

“थांबा, वाचते. तुम्हीच ओळखाल.”

त्यांनी आवाज लावला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई थांबली की कोयता मोडला, मजुरी बुडाली. म्हणून आठव्या महिन्यातही सासूनं उसाची मोळी उचलायला लावली. पोर फडातच जन्मली, रडलीच नाही. सासूनं ती बांधाला पुरली आणि गावात येऊन सांगितलं, पोर तापानं गेली.

भोवतीची कुजबुज थांबली. वाचन रंगलं, असं विजयमालाबाईंना वाटलं. त्यांनी पान उलटलं.

“बास करा, बाई,” कुणीतरी हळूच म्हणालं.

त्यांनी वर पाहिलं. अगदी पुढ्यात बसलेली एक म्हातारी जमिनीला हात टेकून उठत होती. बाकीच्या हापशाकडे बघत होत्या. तिथं तिशीतली एक बाई दांडा धरून उभी होती.

“दगडाबाई, तुमच्या सत्यशीलेचंच हाय का वं हे?” एकीनं विचारलंच.

म्हातारी सुनेच्या शेजारून घराकडे निघून गेली.

जीपपर्यंत सत्यशीला सोबत आली. बाईंची पिशवी तिनंच घेतली होती.

“मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. कुणी एवढ्या लांबून...”

“नाव का बदाललं आसंल, ह्येचा इचार न्हाई आला?”

विजयमालाबाईंनी जीपच्या पायरीकडे बघतच पिशवीसाठी हात पुढे केला.

“मला आता त्याच घरात जायचंय,” सत्यशीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं पदर मागं सारला आणि पुढ्यात उभी राहिली. “मला बघाया आल्ता ना? बघा.”

विजयमालाबाईंना मान वर करता आली नाही. ती दिसायला कशी होती, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

दगडाबाई पुन्हा कधी पारावर बसली नाही. दोन वर्षांनी गेली. सत्यशीलेचा नवरा बिभीषण त्याच वर्षीच्या हंगामाला दुसरी बायको करून कारखान्यावर गेला. सत्यशीला कोल्हारला भावाकडे आली, बाजारात भाजी विकते. गेल्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर सत्यशीलेचं माहेरचं पूर्ण नाव आहे, खाली गावही. झाकायचं आता काही उरलं नव्हतं.

वाचनालयानं त्या निमित्तानं विजयमालाबाईंचा सत्कार केला. “बाईंनी उन्हातान्हात शोध घेतला, म्हणून आपल्या जिल्ह्याची लेखिका उजेडात आली,” अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या.

विजयमालाबाईंनी शाल-श्रीफळ घेतलं. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं.