पदरचे दोन तास

वीस वर्षं मी विमानाची तिकिटं काढून देते. कुठून कुठे किती किलोमीटर, किती तास, मधे कुठे ताटकळावं लागेल, सगळं तोंडपाठ. आणि धंद्यातली एक सवय: गिऱ्हाइकाच्या घरच्यांना पोहोचायची वेळ सांगताना पदरचे दोन तास घालायचे. माणूस लवकर आला तर कुणी भांडत नाही. दहा मिनिटं उशीर झाला की मात्र सगळे माझ्या नावाने खडे फोडतात.

सोमवारी दादाचा फोन आला. "शुक्रवारी सकाळी बाबांचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. मग आवाज कायमचा गेला. तुला काहीतरी सांगायचंय म्हणतात, पण समोर बसवून. फोनवर आताच नुसता वारा ऐकू येतो. गुरुवारी कितीला पोचतेस?"

आठ हजार किलोमीटर. अकरा तास हवेत, मधे तीन तास खुर्चीत. साडेतीनला उतरणार, साडेपाचला हॉस्पिटलात.

"साडेसात धर," मी म्हटलं. जीभच तशी वळलेली, काय करणार!

गुरुवारी विमान अगदी वेळेवर उतरलं. दादाला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. टॅक्सीत बसल्या बसल्या ड्रायव्हरच्या मागे लागले, "काका, जरा दामटा की."

"बाई, चाकं आहेत गाडीला, पंख नाहीत."

एरवी हसले असते. तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटला.

लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढले. पाच पंचवीस. खोलीत पलंग रिकामा, आणि बाबांचा चष्मा हातात धरून दादा बसलेला. मला बघून तो ताडकन उठला.

"तू आत्ता कशी?"

"बाबा कुठायत?"

"आत नेलं. वीस मिनिटं झाली. सर्जनना उद्या बाहेरगावी जायचंय, म्हणून आजच घेतलं. तुला फोन लागेना, मग इथे माझाही बंद करायला लावला."

"थोडं थांबवायचंस ना रे!"

"सहापर्यंत थांबायला तयार होते सर्जन. मी म्हटलं, थांबू या, आली लवकर तर? बाबाच ऐकेनात."

"काय म्हणाले?"

दादाने मान खाली घातली. "म्हणाले, 'साडेसात म्हणाली ना? मग साडेसातच. विमानाच्या वेळेत माझी पोर चुकत नाही. लोकांना कशाला खोळंबून ठेवायचं?' आणि स्वतःच स्ट्रेचरवर चढले."

"मग?"

"मग काही नाही. तेवढंच बोलले."

मी पलंगावर बसले. उशी अजून दबलेली होती. रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

"अगं, शुद्धीवर आले की लिहून देतील तुला," दादा समजावत म्हणाला. "विमान लवकर आलं, त्याला तू काय करणार?"

"लवकर नाही आलं, दादा," मी म्हटलं. "मी साडेपाचलाच येणार होते."